ताप कशाने उतरला?

शेजारच्या इनासची मुलगी अंगणात लंगडी खेळत होती आणि ओटीवर तिच्या उतरलेल्या तापावरून वाद पेटला होता.

"चर्चमध्ये मेणबत्ती लावली आणि तासाभरात ताप उतरला. येशूची कृपा!" इनास म्हणाला.

देव न मानणारा त्याचा मित्र दिगंबर उसळला, "आधी मेणबत्ती, मग आराम, म्हणून मेणबत्तीने आराम? हा काय तर्क झाला? अरे, सकाळी मी काढा दिला, म्हणून उतरला!"

मला हसू आलं. दोघांची चूक एकच. पण मग ताप उतरला कशाने? आपोआप म्हणावं, तर त्याला तरी पुरावा काय? मुलगी एका पायावर डुलत होती, पण पडत नव्हती.

आज माझ्या आईला ताप आहे. दिगंबरकडून काढा आणलाय, आणि इनासला मेणबत्ती लावायला सांगून आलोय.