हिरवी खूण मी केली

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नागपूरच्या सख्ख्या बहिणीजवळही नाही — आणि ती तर माझा चेहरा पाहून पोटातलं ओळखते. तुम्ही माझे कोण? कोणीच नाही. म्हणून तुम्हाला सांगता येतंय, असं समजा.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात जबलपुरात भूकंप झाला, तेव्हा मी सरकारी शाळेत शिकवत होते. नेपियर टाउनमध्ये एका खोलीत एकटी राहायचे. नवऱ्यानं टाकलं होतं. जबलपुरातच गढा भागात सासर होतं, त्या घरात नऊ वर्षं काढली, मूल झालं नाही, आणि एका सकाळी सासूबाईंनी माझी पेटी ओट्यावर आणून ठेवली. "आता काहून थांबून राहिली? जा माहेरी," एवढंच म्हणाल्या. नवरा आत दाढी करत होता. त्यानं मान वळवली नाही. वर्षाच्या आत त्यानं सुनंदाशी लग्न केलं.

मी रडले नाही. वाट पाहत राहिले. कशाची — ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

भूकंपानंतर घरांची पाहणी सुरू झाली. इंजिनियर मोजके, आणि पडझड तर गल्लोगल्ली. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या आम्हा शिक्षकांना जुंपलं. ओवरसियरनं भिंती तपासायच्या, आम्ही फॉर्म भरायचा आणि दारावर रंगानं खूण करायची. लाल म्हणजे घर रिकामं करा, हिरवी म्हणजे राहा. माझ्यासोबत ओवरसियर म्हणून सिहोऱ्याचे दुबेजी होते. भला माणूस. चालता चालता म्हणायचे, "दीदी, ज़मीन किसी को नहीं मारती, घर मारता है." खरंच होतं ते. बीम घातलेल्या सरकारी क्वार्टरांना नुसत्या भेगा होत्या, आणि मातीत विटा रचून वर मजला चढवलेली घरं खाली बसली होती. हातावर पोट असलेल्यानं बीम कुठून घालावा? आणि घाल म्हणून त्याला सांगणार तरी कोण?

माझ्या सासरी मात्र ऐपत होती. मिस्त्रीनं सांगितलंही होतं. पण सासूबाईंना वरची खोली लवकर हवी होती — "बीम कशाले पाहिजे?" मागची भिंत मातीतच उचलली, वरून सिमेंटचा गिलावा केला. त्या भिंतीचा चिखल मी माझ्या पायांनी तुडवला होता. त्या भिंतीत काय आहे हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आमच्या यादीत ती गल्ली आली. हे माझं सासर, मला दुसरीकडे पाठवा — असं मी दुबेजींना म्हणू शकले असते. म्हटलं का? त्या दिवशी मी ठेवणीतली साडी नेसले.

घरची माणसं अंगणात ताडपत्रीखाली होती. नवरा कामावर गेलेला. मला पाहून सासूबाई उठून उभ्या राहिल्या — माझ्यासाठी, जन्मात पहिल्यांदा. सुनंदानं पाणी आणून दिलं आणि मान खाली घालून बाजूला झाली. आम्ही दोघंच घरामागे गेलो, दुबेजींनी मागच्या भिंतीवर बोटं वाजवली. आवाज पोकळ आला. "दीदी, इसको लाल कर दो. बारिश में नहीं टिकेगी," म्हणाले आणि शेजारच्या घराकडे गेले.

मी दारावर हिरवी खूण केली. फॉर्मवर लिहिलं — किरकोळ भेगा, राहण्यास योग्य. संध्याकाळी दमलेल्या दुबेजींनी गठ्ठ्यावर न वाचता सह्या केल्या.

भिंत पडेल असं मला वाटलं नव्हतं — असं इथे सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं. मला वाटलं होतं. सासूबाईंची खाट त्याच भिंतीला लागून असायची, हेही मला माहीत होतं. निघताना त्या म्हणाल्या, "घरच्या माणसानं पाहिलं न, आता भेव नाही." घरच्या माणसानं! त्या एका शब्दावर मी परत फिरून खूण लाल करायला हवी होती. मी उलट मनात म्हटलं — आता आठवलं होय?

जुलैत आठ दिवस पाऊस लागून राहिला, आणि एका दुपारी भिंत पडली. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. त्यांच्या खाटेवर सुनंदा पडली होती, अंगात ताप म्हणून. जीव वाचला, कमरेखालचं सगळं गेलं.

मी दवाखान्यात गेले. दयेनं नाही. मला सासूबाईंना रडताना पाहायचं होतं. त्या रडत होत्या, आणि मला बरं वाटलं — पोटभर जेवल्यासारखं. तेवढ्यात सुनंदानं माझा हात धरला. जिनं माझं काही बिघडवलं नव्हतं, ती मला समजावत होती. "ताई, जिवाले लावून घेऊ नका. भूकंपानं आतून खिळखिळी झाली असन. भिंतीच्या आतलं कोणाले दिसते?"

"नाहीच दिसत," मी म्हणाले.

सुनंदा अकरा वर्षं अंथरुणावर होती. सासूबाईंनीच तिचं सगळं केलं — पार वाकल्या. त्यांच्यावरचा माझा राग अजून आहे. तो विझला असं सांगितलं, तर वरचं सगळं खोटं होईल.

आणि एक राहिलं. भिंत पडल्यावर काही दिवसांनी दुबेजी मला ओमतीच्या बाजारात भेटले. चेहरा उतरलेला. "दीदी, उस घर को मैंने लाल बोला था न?"

मी त्यांच्या डोळ्यांत पाहून सांगितलं, "नहीं भैया, आपने हरा बोला था."

 ते हळूच म्हणाले, "हाँ... बोला होगा." त्यांचा माझ्यावर विश्वास होता. पुढे त्यांनी पाहणीचं काम सोडलं, असं ऐकलं. मी त्यांना शोधायला गेले नाही.