शिंगाचा पेला

तर काल आपण कोंबडीपाशी थांबलो होतो. रुफिनाने गावच्या भट्टीतली टकीला आणली, आईच्या तांब्याच्या हंड्यात पुन्हा गाळायला ठेवली, आणि आत वाफेच्या वाटेवर कोंबडीची छाती टांगली. कातडं सोलून, चरबी काढून, स्वच्छ धुतलेली. सोबत पिकलेले पेरू. वाफ त्या मांसातून जायची आणि थेंब थेंब बाहेर यायची. हा सगळा खटाटोप लेकाच्या बाप्तिस्म्यासाठी.

अमातितान गावात भट्टीचं काम पुरुषांचं. त्यामुळे बाईने गाळलेली पिणार कोण, अशी कुजबुज चर्चच्या पायऱ्यांवरच सुरू झाली होती. पहिला पेला घरातल्या वडीलधाऱ्याचा, म्हणजे तिच्या बापाचा, नाबोरचा. तो प्यायला तर बाकीचे हात पुढे करणार, नाही तर रुफिनाचा हंडा कायमचा पालथा.

गोम इथेच होती. नाबोरने जन्मभर टकीलासाठी लागणारं घायपात तोडलं, त्याच्या सदऱ्यांना त्याचाच वास, पण टकीला कधी जिभेला लागू दिली नाही. त्याचा बाप दारूपायी आधी घरातून गेला आणि मग जगातून. आईने पोराला मेरीमातेपुढे उभं करून शपथ घातली होती, बापासारखा होणार नाहीस म्हणून. तेव्हापासून कुठल्याही समारंभात हातात पेला आला की नाबोर तो जमिनीवर ओतायचा, मेलेल्यांच्या नावाने.

त्या दुपारी अंगणात पेला आला तो बैलाच्या शिंगाचा. खाली ठेवायची सोय नाही. प्या, नाहीतर ओता.

"ओत बाबा, ओत!" शेजारचा माकारिओ ओरडला. "तुझ्या घरचे मेलेले अख्ख्या स्मशानात सगळ्यात जास्त झिंगलेले असतात. वाट बघत असतील बिचारे!"

लोक हसले. रुफिना हसली नाही. कडेवर पोर घेऊन ती नुसती उभी होती. तिच्या मनगटावर वाफेने भाजल्याचा लाल पट्टा नाबोरला दिसला.

त्याने शिंग हातात घेतलं. शपथ तोंडपाठ होती. बापासारखा होणार नाहीस, एवढंच आई म्हणाली होती. एक घोट घेतला तर माणूस बापासारखा होतो का, हे मात्र त्याला आजवर कुणाला विचारता आलं नव्हतं. आणि आता विचारायचं तरी कुणाला? आई तर आता मातीखालच्याच लोकांत जाऊन बसली होती.

त्याने शिंग ओठाला लावलं. इथली रीत घाईने ढोसायची नाही, तान्ह्याचा पापा घ्यावा तसं हळूच प्यायची. आधी जीभ भाजली. मग पेरू आला. आणि सगळ्यात शेवटी, घशाच्या तळाशी, आजारपणात आई पाजायची त्या रश्श्याची चव. खांद्यातली कित्येक वर्षांची कळ थोडी सैल झाली. त्याचं त्यालाच ते आवडलं, आणि आवडलं म्हणून भीतीही वाटली.

उरलेला घोट त्याने जमिनीवर ओतला.

माकारिओने आपलं शिंग पुढे केलं. "पोरी, मलाही घाल. काठोकाठ." त्याच्यामागून दुसरा हात आला, मग तिसरा.

रुफिना बाटली घेऊन बापाजवळ वाकली. "पापा, खरं सांगा. कशी झालीय?"

नाबोरने ओल्या मातीकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझा बाप घरी का यायचा नाही ते आज कळलं, इतकी चांगली झालीय. आता ही बाटली लोकांकडे ने पोरी, आणि तुझं पोर माझ्या मांडीवर दे."