माहेरच्या माणसाने आखलेला रस्ता

भिंतीपलीकडे ॲम्ब्युलन्स उभी होती आणि अलीकडे माझी पोटुशी सून बाजेवर कण्हत होती. भर दुपार. शहाद्याच्या कडेला आता शेताशेतात कॉलनी आहे, पण एकीचा रस्ता दुसरीला मिळत नाही. ड्रायव्हर जुन्या वाटेने आला होता. गाडी फिरवून आणायची तर पार हायवे गाठावा लागणार होता. तेवढ्यात आप्पा शिडी घेऊन धावत आला. ती भिंत त्याच्यामुळेच होती.

आप्पा माझ्या माहेरचा, कळसाडीचा. माझे भाऊ गेल्यावर आखाजीच्या सणाला मला माहेरी न्यायला तोच यायचा. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. बोलताना चपलेच्या टोकाने मातीत रेघा ओढायचा. शहाद्याजवळच्या शेताचे त्याने प्लॉट पाडले तेव्हा अशीच एक रेघ ओढून मला म्हणाला, "हाऊ रस्ता सरळ दवाखानाकडे जास, आक्का."

माझ्या मुलाने तो रस्ता कागदावर मागितला. आप्पा हसला. "मामाकडथून लिखी लेस का रे?" मुलगा ओशाळला. आमच्यात माहेरच्या माणसाकडे कागद मागत नाहीत. प्लॉट घेतला.

माणूस तसा उपयोगी होता. कोणाचा पाहुणा चुकला तर आप्पा मोटारसायकलवर पुढे राहून त्याला दारापर्यंत आणायचा, आणि मग पाहुण्याच्या आधी स्वतः चहाला बसायचा. नवं घर उभं राहिलं की न सांगता दारात मुरूम टाकून जायचा.

मग शेजारच्या शेतातही प्लॉट पडले. तिथल्या मालकाला आप्पाने आमच्या रस्त्याचं तोंडच विकलं. त्या मालकाने भिंत घातली तेव्हा मी आप्पाला जाब विचारायला गेले. त्याची चप्पल माती उकरत होती.

"त्या पट्टामा एक प्लॉट निंघी गया, आक्का. तू फिरीसन जाय."

त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही.

त्या दुपारी माणसं भिंतीवर चढली. बाज वर नेताना तिरपी झाली, अडकली. खालून आप्पाने बाजेचा पाय खांद्यावर घेतला होता. तो रडत होता. "आक्का, मन्हाकडे देख ते," म्हणाला. मी सुनेचा हात धरला होता. तिकडेच पाहत राहिले.

उरलेले प्लॉट विकून आप्पा सुरतेला मुलाकडे गेला. जाताना निरोप घ्यायला आला नाही, ते बरं केलं. भिंतीला यंदा पिवळा रंग दिलाय.

सून वाचली. पोटातली पोर वाचली नाही.