निखाऱ्यांवर शिकलेलं मेंडोलिन

सातपूरच्या जीवन गांगुर्डेला एक खोड होती. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत त्याची जीभ टाळ्याला लागायची. माणूस सोन्यासारखा, हात तर विचारूच नका. दिवसा एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये लेथवर, संध्याकाळी धनराजशेठच्या ऑर्केस्ट्रात गिटारवर. वीस वर्षं लग्नं, हळदी, गणपती, नवरात्र, सगळं वाजवून झालेलं. पण जीभ! तिच्यापायी हा गडी या वर्षी असा काही अडकला, की बायको प्रतिभा अजून आल्यागेल्याला ती गोष्ट रंगवून सांगते.

झालं काय, ज्येष्ठात शफीचाचांची स्कूटर नाशिकच्या द्वारका चौकात घसरली. शफीचाचा म्हणजे ऑर्केस्ट्राचे मेंडोलिनवाले, वय अडुसष्ट, राहायला जुन्या नाशकात. डावा हात मनगटात मोडला. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण बोटं काही मिटेनात. ज्या बोटांनी चाळीस वर्षं तारा दाबल्या, त्यांना चहाचा कप धरवेना.

तालमीच्या दिवशी धनराजशेठ म्हणाला, "वाईट झालं राव. पण अडणार काही नाही. नव्या कीबोर्डात मेंडोलिनचं बटण आहे. दाबलं की वाजतं."

आता धनराजशेठ काही वाईट माणूस नव्हे. त्याच्या डोक्यात पुढची सुपारी असते, एवढंच. पण ऑर्केस्ट्राचा प्रत्येक कार्यक्रम शफीचाचांच्या 'सलामी'नं सुरू व्हायचा. त्यांनी स्वतः बांधलेली, एकट्या मेंडोलिनची छोटीशी धून. ती वाजली की मांडवातली पोरंसोरंही गप्प बसायची. ती सलामी बटणातून निघणार? जीवनच्या मस्तकात तिडीक गेली.

"बटण कशाला पाहिजे? मी वाजवतो!" तो म्हणाला. "गिटारला सहा तारा, मेंडोलिनच्या चार जोड्या. आठवड्यात बसवतो."

धनराजशेठ हसला. "कोजागिरीला आपल्याच कॉलनीच्या मैदानावर कार्यक्रम आहे. तिथं सलामी वाजवलीस तर चाचांची खुर्ची राहील, तू बस तिच्यावर. नाही जमलं तर बटण, आणि खुर्ची कायमची आत."

"ठरलं," जीवन म्हणाला. म्हणजे बघा, मेंडोलिन हातात कधी धरलेलं नाही आणि पैज लावून मोकळा!

दुसऱ्या दिवशी तो चाचांच्या घरी गेला. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. आतून मेंडोलिनची पेटी आणली, उजव्या हातानं उघडली. म्हणाले, "घेऊन जा. एक सांगतो. तारा जशा लावल्यात तशाच ठेव. त्यांना हात लावायचा नाही."

"छे छे, चाचा! हात कोण लावतंय?"

पहिले आठ दिवस घरात नुसती खणखण. मेंडोलिनच्या तारा गिटारच्या अगदी उलट्या लागतात. जिथं जीवनची बोटं आपोआप पडायची तिथं नेमका भलताच सूर. त्यात पट्ट्या एवढ्या जवळ जवळ की दोन बोटं एकमेकांच्या उरावर. आणि गिटारची तार एकदा छेडली की गुंजत राहते. मेंडोलिनची टण्ण करते आणि गप्प. तिला बोलती ठेवायची तर उजव्या हातानं सारखं, न थांबता, बारीक बारीक छेडत राहावं लागतं. जीवन ते खांद्यापासून जोर लावून करायचा. प्रतिभा स्वयंपाकघरातून विचारायची, "अहो, पत्रा ठोकताय का?"

"मेंडोलिनच जुनं झालंय," जीवन म्हणायचा.

"हो ना. नाचता येईना, अंगण वाकडं!"

मग एका रविवारी गड्याच्या डोक्यात अक्कल शिरली. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, ती अक्कल. तारा उलट्या आहेत ना? मग त्याच गिटारसारख्या लावून टाकायच्या! गिटारच्या खालच्या चार तारा जशा असतात, तशा. म्हणजे बोटं जुनी, वाद्य नवं, काम फत्ते. चाचांना कोण सांगायला जातंय? त्यानं जाड जोडी सैल सोडली आणि दुसरी जोडी पिळायला घेतली. पिळली, अजून पिळली. आणि फाट्! एक तार तुटून हनुवटीवर बसली. घाबरून दुसरी सोडायला गेला तर खुंटी उलटीच फिरवली. तीही फाट्.

हनुवटीला हळद लावून जीवन महात्मा गांधी रोडवर राजूच्या वाद्यांच्या दुकानात पोचला. चोराच्या मनात चांदणं. हळूच म्हणाला, "मेंडोलिनच्या तारा आहेत का? मित्राला पाहिजेत."

राजूनं हनुवटीकडे पाहत तारा दिल्या. आता यात मेख काय होती, ते जीवनला ठाऊक नव्हतं. त्या दुकानातून मेंडोलिनच्या तारा नेणारं गिऱ्हाईक अख्ख्या नाशकात एकच होतं. जीवन पायरी उतरला आणि राजूनं फोन लावला. "चाचा, तुमचा हात बरा झाला का? नाही, तुमच्या तारा कोणीतरी घेऊन गेलं, म्हणून विचारलं."

दुसऱ्या दिवशी चाचा सिटी बसनं सातपूरला हजर. चहासुद्धा घेतला नाही. मेंडोलिन मांडीवर घेतलं.

"तार कशी तुटली?"

"ऊन लागलं चाचा. खिडकीत राहिलं होतं."

चाचांनी जाड जोडीवर बोट फिरवलं. ती भद्द वाजली. "आणि हिला काय उन्हानं झोप लागली?"

जीवनची मान खाली. प्रतिभानं पदर तोंडाला लावला आणि ती आत पळाली.

पण चाचा हसत नव्हते. "मला काय वाटलं होतं सांगू? माझा हात गेला, पण माझं मेंडोलिन कोणीतरी वाजवेल. तू तर त्याला गिटार करायला निघालास. मग ते बटण काय वाईट आहे? ते निदान खोटं बोलत नाही."

हे मात्र जीवनला लागलं. धनराजशेठ हसला तेव्हा राग आला होता. आता लाज वाटली. वीस वर्षं ज्या माणसाच्या शेजारी बसून वाजवलं, त्याची एकच गोष्ट पाळायची होती, तीही पाळली नाही. तो एवढंच म्हणाला, "चुकलो चाचा. शिकवा."

चाचांनी पेटी उचलली. "उद्यापासून संध्याकाळी माझ्याकडे. हे तिथंच राहील. तुझा भरवसा नाही."

दुसऱ्या दिवशी जीवन गेला, तर चाचांनी त्याला घरात घेतलंच नाही. गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या मुलाची, शहजादची, सीख कबाबची गाडी. त्यांनी जीवनच्या हातात विणलेला पंखा दिला. "निखारे फुलव."

"आणि मेंडोलिन?"

"आधी निखारे."

जीवननं खांद्यापासून जोर लावला. राख उडाली, कबाबावर बसली, शहजाद ओरडला. हळू केलं तर निखारे काळे पडले. चाचांनी त्याचं कोपर धरून बरगडीला दाबलं. "खांदा झोपलेला. कोपर झोपलेलं. फक्त मनगट. आणि थांबायचं नाही. निखाऱ्याला कळता कामा नये की पंखा कुठून सुरू झाला आणि कुठं संपला."

महिनाभर हेच. आधी अर्धा तास पंखा, मग आत मेंडोलिन. आणि महिना कुठला? श्रावण! घरात कांदा-लसूण बंद आणि नवरा रोज सीख कबाबाच्या वासानं घमघमत येतोय. प्रतिभा शर्ट चिमटीत धरून बादलीत टाकायची. "खरं सांगा, मेंडोलिन शिकायला जाता ना?"

"आईशप्पथ, एक तुकडा खाल्ला नाही!"

"तुम्ही नाही खाल्ला. शर्टानं खाल्लाय."

पण घरी गिटार हातात घेतली की प्रतिभालाही फरक ऐकू यायला लागला. हात हलका झाला होता. तिकडे चाचांकडे बोटांनीही नवी वाट धरली. फक्त दुखायची फार. एकदा जीवन बोटं फुंकत बसला, तेव्हा चाचांनी आपला डावा हात पुढं केला. बोटांच्या टोकांना घट्टे, आणि प्रत्येक घट्ट्यावर एकमेकींना लागून दोन बारीक रेघा. "गिटारवाल्याच्या बोटाला एक रेघ. आमच्यात तारा जोडीनं असतात, म्हणून दोन. त्या उठल्या की समज, मेंडोलिननं तुला घरात घेतलं."

कोजागिरी आली. मैदानावर खुर्च्या, पातेल्यात मसाला दूध, वर चंद्र. पहिल्या रांगेत शफीचाचा आणि त्यांची बायको, खुर्शीदाचाची. स्टेजवर चाचांची खुर्ची, तिच्यावर जीवन. शेजारी कीबोर्डवाला बटणाजवळ बोट ठेवून तयार. धनराजशेठनं त्याला तसं सांगूनच ठेवलं होतं.

सलामी सुरू झाली. पहिली ओळ छान गेली, दुसरीही गेली. मग तो मधला लांब सूर आला, जिथं चाचा लोकांना श्वास रोखायला लावायचे. जीवननं खाली पाहिलं. अख्खी कॉलनी! भीतीनं खांदा वर चढला, मनगट ताठलं आणि सूर ट, ट, ट असा तुटायला लागला. धनराजशेठनं कीबोर्डवाल्याकडे पाहिलं.

तेवढ्यात चाचांनी मांडीवरची कागदी प्लेट उचलली आणि वारा घ्यायला लागले. उकडत बिकडत काही नव्हतं. खांदा झोपलेला, कोपर झोपलेलं, उजवं मनगट फक्त हलतंय, न थांबता. जीवनला ती प्लेट दिसली. त्याचा खांदा खाली आला. तुटलेला सूर सांधला गेला, लांबला, मैदानभर पसरला, आणि मागच्या रांगेतली दंगा करणारी पोरंसुद्धा गप्प झाली. कीबोर्डवाल्यानं बोट काढून खिशात घातलं.

कार्यक्रमानंतर जीवन पेटी घेऊन धावत खाली आला. "चाचा, जमलं! हे घ्या तुमचं."

चाचांनी पेटीकडे पाहिलंच नाही. त्यांनी जीवनचा डावा हात धरला, दिव्याखाली नेला आणि बोटांवरून अंगठा फिरवला. "आल्या की रे," ते म्हणाले.

खरंच आल्या होत्या. दोन दोन, बारीक. जीवन खूश होऊन म्हणाला, "तुमच्यासारख्या!" आणि शेजारी धरायला त्यांचा डावा हात ओढला. त्याच्या बोटाखाली चाचांची बोटं मऊ लागली. घट्टे नव्हते, रेघा नव्हत्या. चार महिने तारेला न लागलेली, साबणानं धुतल्यासारखी साफ बोटं.

 आयुष्यात पहिल्यांदा जीवनची जीभ टाळ्याला लागली नाही. डोळे मात्र भरून वाहायला लागले, सगळ्या कॉलनीसमोर.

"अरे वेड्या, रडतोस काय?" चाचांनी पेटी त्याच्या छातीशी ढकलली.  "हे आता तुझ्याकडे राहू दे. फक्त उद्या संध्याकाळी शहजादच्या गाडीवर घेऊन ये. पंखा मी मारतो. तू वाजव."