देवाच्या कुत्र्याला लोखंड

शहरातल्या शहागंजात कुणी एक जडीबुटीवाला आहे, तो लांडग्याच्या मेंदूचं तेल काढतो, त्या तेलानं म्हाताऱ्याची गेलेली ताकद परत येते, आणि लांडग्याची मुंडकी त्याला पुरवते ती आपली सरकारी जनावरांची डॉक्टरीण, सुकेशनी दाभाडे. ही खबर मला लागली तेव्हा माझ्या अर्ध्या गालाला साबण होता. न्हावी सांगत होता, आम्ही चौघं ऐकत होतो. गोकुळ चपलावाल्यानं म्हणे डोळ्यांनी बघितलं होतं. घंटाघराजवळ बाईंची स्कूटी उभी, मागं थर्माकोलची पेटी दोरीनं बांधलेली, आणि पेटीतून लालसर पाणी गळतंय. संध्याकाळपर्यंत एका पेटीच्या दोन झाल्या. बातमी दौलताबादला पोचली तोवर त्या जडीबुटीवाल्यानं बाईंना शहरात फ्लॅटही घेऊन दिला होता. फ्लॅटची भर मी घातली असं काही लोक म्हणतात. लोकांना काय, जिभेला हाड नाय.

सुकेशनी चितेगावची. बाप कंपनीत मशीनवर. पोरगी परभणीला शिकून जनावरांची डॉक्टर झाली आणि दौलताबादच्या पलीकडं आमच्या गावच्या दवाखान्यात नेमणूक घेऊन बसली. म्हशीशी बोलताना आवाज लोण्यासारखा, म्हशीच्या मालकाशी बोलताना तहसीलदारासारखा. पस्तिशी आली तरी लग्नाचं नाव नाही. दर रविवारी सुट्टी असून स्कूटी काढायची ती थेट माळावर. बायका म्हणायच्या, म्याडमचं सासर माळावर आहे. आणि एका अर्थानं ते खरंच होतं, कारण माळावर लांडग्यांचा एक कळप राहत होता आणि बाईचा जीव त्या कळपात होता. एक नर, एक मादी, त्यांची गेल्या सालची आणि यंदाची पोरं. सगळी तिला चालीवरून ओळखू यायची.

लांडगा हे वनखात्याचं जनावर. आजारी पडला तरी तिनं त्याला हात लावायचा नाही, आणि लावायचा म्हटला तरी तो थोडाच उभा राहणार? मग ती कुत्र्यांच्या मागं लागली. शहराचा कचरा माळाकडं सरकत गेला तशी मोकाट कुत्रीही सरकली होती. त्यांचा आजार वस्तीवरच्या कुत्र्यांना होणार, वस्तीवरच्या कुत्र्यांचा लांडग्यांना. आणि एकदा पिसाळणं कळपात शिरलं की अख्खा कळप खलास. म्हणून ही बाई लांडगे वाचवायला वस्त्या-वस्त्यांवर कुत्री टोचत फिरायची. आम्हाला ते डोईदुखीला पायाला तेल लावण्यासारखं वाटायचं, आणि आम्ही तिला तसं ऐकवायचोही.

माळाच्या कडेला सोनाजीची वस्ती. जातीचा धनगर, पांढऱ्या मिशा, शंभरेक मेंढरं, तीन कुत्री. पहिल्याच रविवारी त्यानं दोन कुत्री स्वतः धरून टोचून घेतली. तिसऱ्याला, सरदारला, मात्र सुई लावू दिली नाही. सरदार पिल्लू असताना त्याच्या कपाळाला भंडारा लावून त्याला खंडोबाच्या नावानं सोडलं होतं. सोनाजीच्या घराण्याचा नेम असा, की देवाच्या कुत्र्याला साखळी घालायची नाही, त्याच्यावर काठी उचलायची नाही, आणि त्याच्या अंगाला लोखंड लावायचं नाही. सुई कशाची? लोखंडाची. बाईनं समजावलं, चिडली, शेवटी हसली. प्रत्येक खेपेला विचारायची आणि प्रत्येक खेपेला सोनाजी तिला ताक पाजून लावून द्यायचा.

या उन्हाळ्याच्या तोंडाशी सरदारला मोकाट कुत्र्यांनी फाडला. जखम भरली. पुढं एके सकाळी तो पाण्याला तोंड लावेना, लाकडं चावायला लागला, आणि त्याचा आवाज दुसऱ्याच कुणाचा असावा तसा निघायला लागला. सोनाजीनं आयुष्यभर कुत्री पाळलेली, त्याला कळलंच. पण देवाचं कुत्रं मारायचं नाही, बांधायचं नाही, मग करायचं काय? बापानं जे केलं असतं तेच त्यानं केलं. त्याच्या कपाळाला भंडारा लावला, तोंड माळाकडं केलं, आणि जा म्हणाला. सरदार गेला. कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोनाजीची सून बानाबाई ओढ्यावर पाण्याला गेली असताना झाडीतून जनावर आलं आणि तिचा दंड फोडून गेलं. ओरडा ऐकून माणसं धावली तर शेपूट तेवढं दिसलं. कुणीतरी म्हणालं, लांडगा. बानाबाई नाही म्हणाली नाही.

झालं. रामकिसनला एवढंच हवं होतं. हा आमच्यातला शेळ्यांचा मोठा माणूस. लांडग्यांनी त्याच्या शेळ्या नेलेल्या, तो राग कधीचा शिजत पडलेला. त्यानं फवारणीचं जहाल औषध आणलं आणि एक मेलेली शेळी बाजूला काढून ठेवली. शेळीत औषध भरायचं, माळावर टाकायची, कळपाचा निकाल लावायचा.

सुकेशनी आली ती आधी बानाबाईकडं. जखमेवर हळद-चुना थापला होता, तो तिनं काढायला लावला, पाण्याची धार धरून साबणानं बराच वेळ धुतलं आणि तिला स्कूटीवर मागं बसवून शहरात घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं रांगेत बसल्यावर बानाबाईला रडू फुटलं. तो लांडगा नव्हता, सरदार होता. मामंजींनी त्याला कसा सोडला ते सगळं तिनं सांगून टाकलं, आणि मग बाईचा हात धरला. "कुणाला बोलू नका, म्याडम. पिसाळलेलं कुत्रं आम्ही मोकळं सोडलं म्हणल्यावर गाव आमची वस्ती उठवील."

बोलावं तर वस्ती उठते, न बोलावं तर कळप मरतो. अशा कात्रीत अडकून बाई परत आली, तेव्हा पारावर रामकिसन वाटच बघत होता.

"या म्याडम. तुमच्या सासरची मंडळी आता सुनांना चावायला लागली."

बाईनं रोजच्यासारखं उलट उत्तर दिलं नाही. नुसतं विचारलं, बाजाराच्या दिवसापर्यंत थांबता का. तिचा पडलेला चेहरा बघून रामकिसनच चपापला आणि व्हय म्हणाला.

त्याच दुपारी ती सोनाजीला घेऊन माळ तुडवायला निघाली. सरदार लांडग्यांना गाठायच्या आत त्याला गाठायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तो सापडला लांडग्यांच्या बिळाखालच्या उतारावर. मेलेला, अंग अजून कोमट. आजूबाजूची माती उकरलेली. त्याच्या मानेला लांडग्याचे दात लागलेले होते आणि त्याच्या जबड्यात लांडग्याचे भुरकट केस अडकलेले होते. म्हणजे झुंज झाली होती आणि दोन्हीकडून दात लागले होते. बाई तिथंच दगडावर बसली. जे टाळायला ती इतके रविवार हिंडली, ते झालेलं तिच्यासमोर पडलं होतं.

उठल्यावर तिनं सोनाजीला सांगितलं की आजार हाच आहे का, ते पक्कं कळल्याशिवाय गावाला काही सांगता येणार नाही, आणि ते मेंदू तपासल्याशिवाय कळत नाही. मुंडकं कापून बर्फात घालून न्यावं लागेल. सुरी तिच्या पिशवीत होती. तिनं ती बाहेर काढली नाही.

सोनाजी कुत्र्यापाशी गेला. मग खाली बसला.

"लाव लोखंड, लेकी," तो म्हणाला. "म्या धरतो."

तिनं त्याला हातमोजे दिले आणि विचारलं, मामा, तुम्हाला कुठं दात लागला का, लाळ लागली का. त्यानं नाय म्हणून घाईघाईनं मोजे चढवले.

तपासणीत आजार निघाला. पारावर बाईनं एवढंच सांगितलं की माळावर मेलेल्या एका जनावरात पिसाळल्याचा आजार सापडला आहे, कळपातल्या लांडग्यांना तो लागला असणार आणि ते आपणहून मरणार आहेत. विष टाकलंत तर एकदम सगळे मरतील, जागोजागी मढी पडतील, आणि ती मढी तुमचीच कुत्री ओढून तुमच्या अंगणात आणतील. कोणतं जनावर ते कुणी विचारलं नाही. सगळे लांडगाच धरून चालले. रामकिसननं आपली शेळी खोल पुरली आणि दुसऱ्या दिवसापासून शिव्या घालत गावातली कुत्री टोचायला धरून दिली. एकही सुटलं नाही.

नर आधी गेला. भरदिवसा कॅनॉलच्या कडेनं झोकांड्या खात आला. वनखात्याची माणसं आणि बाई मिळून लोकांना लांब ठेवत राहिली, तो पडेपर्यंत. मग मादी. यंदाची पिल्लं बिळातच उपाशी गेली. मेलेलं प्रत्येक जनावर बाईनं जाळलं. गेल्या सालचे दोन लांडगे तेवढे जिवंत राहिले. ते अजून कधीमधी दिसतात. गावातलं एकही कुत्रं आजारी पडलं नाही. बानाबाईच्या सगळ्या सुया पुऱ्या झाल्या, तीही वाचली.

सोनाजी वाचला नाही. पावसाळ्यात एका दुपारी बानाबाईनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या धरला तर म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं आणि त्याचा गळा आवळून आला. बानाबाईनं ते सरदारमध्ये बघितलेलं होतं. घाटीत नेलं, तिथं आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाई जवळ होती. भंडारा लावताना सरदारची लाळ त्याच्या अंगठ्यावरच्या जुन्या चिरेला लागली होती. तेव्हाच सुया का घेतल्या नाहीत, असं बाईनं विचारल्यावर तो इतकंच म्हणाला, "घाटीत इचारत्यात, कुत्रं कुणाचं."

गावाला मात्र वेगळंच कळलं. म्याडमनं लांडग्याचं मुंडकं कापलं, म्हणून माळाचा आजार मोकळा सुटला आणि त्यानं म्हातारा खाल्ला. त्यातून पुढं तेल निघालं, जडीबुटीवाला निघाला, फ्लॅट निघाला. रामकिसननं एकदा बैल दाखवायला आणला तेव्हा बाईला तोंडावर विचारलं, ते मुंडक्याचं काय हो म्याडम? ती म्हणाली, बैलाची शिंगं नीट धरा. तिनं तोंड उघडलं असतं तर वस्ती उठली असती, म्हणून तिनं ते उघडलं नाही.

दिवाळीनंतर वस्ती आपणहून उठली. मेंढरं घेऊन ती माणसं दुसऱ्या अंगाला गेली. निघायच्या आधी बानाबाई माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, तुम्ही गावभर सांगत फिरता ना, मग आता हे पण सांगा.

पेटीत सरदारचं मुंडकं होतं. ते तपासणीला चाललं होतं, आणि शहागंजात सुकेशनी बर्फ घ्यायला थांबली होती.