पुढच्या टपरीवर ठरवू

नमस्कार करण्याआधी ते समोरच्याच्या सायकलचं चाक अंगठ्याने दाबून बघायचे आणि म्हणायचे, “हवा कमी आहे.” हवा भरपूर असली तरी म्हणायचे. बिल्डिंगखालच्या प्रत्येक चाकाला त्यांचा अंगठा लागलेला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या बाळाची बाबागाडीसुद्धा सुटली नव्हती.

तुमच्याही सोसायटीत असा एखादा गृहस्थ असेल. आमच्या बोरिवलीच्या सोसायटीतले हे अंधेरीच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. दिवसभर कामगारांना हेल्मेट घालायला लावून त्यांचं पोट भरत नसे. उरलेल्या भुकेसाठी आम्ही होतो.

सोसायटीच्या पूजेच्या जेवणात, जिलबी जरा जास्त झाल्यावर, सगळ्यांनी मिळून सायकलने वज्रेश्वरीला जायचं ठरलं. बाकीचे घरी जाऊन विसरले असते. यांनी दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सअॅप ग्रुप काढला आणि तयारी सुरू झाली.

तयारी म्हणजे मीटिंगा. जर्सीच्या रंगावर तीन रविवार गेले. केळी कोणी आणायची यावरून दोन कुटुंबांचं बोलणं बंद झालं. सायकल मात्र कोणी चालवत नव्हतं, कारण वेळच मिळत नव्हता. चौथ्या मजल्यावरच्या परागने मोटरसायकलपेक्षा महाग सायकल घेतली आणि तिला ऊन लागू नये म्हणून बेडरूममध्ये ठेवली.

हाताच्या खुणांचा सराव गच्चीवर झाला. यांनी आम्हाला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर एकामागे एक बसवलं. ते ओरडले, “उजवीकडे,” की आम्ही सगळे उजवा हात काढायचो. पाण्याची टाकी बघायला आलेला प्लंबर बराच वेळ बघत राहिला आणि काही न विचारता खाली गेला.

त्यांचा एक नियम कोणालाच आवडला नव्हता. सगळ्यात हळू चालवणारा सगळ्यात पुढे, आणि हे स्वतः शेवटी.

“काका, ही राइड आहे की प्रभातफेरी?” पराग म्हणाला.

“एकट्यालाच जायचं असतं तर तू कालच जाऊन आला असतास.”

सगळ्यात हळू होत्या तळमजल्यावरच्या परब वहिनी. पन्नाशी उलटलेल्या, मूळच्या मालवणकडच्या. सायकल मुलाची, नोकरीसाठी तो परदेशी गेल्यावर मागे राहिलेली. “दहिसर नाक्यापर्यंत जाशील आणि रिक्षाने परत येशील,” असं त्यांच्या यजमानांनी चारचौघांत सांगून ठेवलं होतं.

शेवटी एका रविवारी उजाडता उजाडता निघालो. गच्चीवर शिकलेली शिस्त दहिसरपर्यंत टिकली. पुढे हायवे मोकळा दिसल्यावर पराग सुटला, त्याच्या मागे बाकीचे. मलाही जायचं होतं, पण पायांनी परवानगी दिली नाही. मागे उरलो आम्ही तिघं.

खाडीपूल ओलांडून पुढचा चढ आला तेव्हा वहिनी उतरल्या आणि कडेच्या दगडावर बसल्या. “तुमी जावा फुडे. माझे गुडघे गेले.”

तेवढ्यात एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर म्हणाला, “मॅडम, सायकल पीछे डाल दो, छोड़ देता हूँ.” वहिनी उठल्या. टेम्पोकडे बघत त्यांनी हँडल धरलं.

आता आमच्या सेफ्टी ऑफिसरांनी त्यांना टेम्पोत बसवायला हवं होतं. थकवा आला की तिथेच थांबायचं, यावर त्यांनी आम्हाला एक अख्खी मीटिंग ऐकवली होती. ते वहिनींच्या तोंडाकडे बघत राहिले. मग ड्रायव्हरला म्हणाले, “नहीं भाई, हमारा चल रहा है.” आणि वहिनींना म्हणाले, “पुढे टपरी आहे. चहा घेऊ आणि तिथे ठरवू.”

टपरीवर चहा झाला. “पुढच्या टपरीवर ठरवू,” ते म्हणाले. तिथेही झाला. “ही टपरी काही खास नाही. पुढच्या टपरीवर ठरवू.” वज्रेश्वरीकडे वळायचा शिरसाड फाटा येईपर्यंत माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. चढ आला की ते उतरून वहिनींच्या बाजूने चालायचे आणि कारखान्यातल्या अपघातांच्या गोष्टी सांगायचे. त्यात सगळ्यांची बोटं शाबूत राहायची. खऱ्या नसाव्यात.

फाट्याच्या पुढे परागचा फोन आला. आवाज मलाही ऐकू येत होता. “काका, ऊन वाढलंय. ग्रुप फोटो काढून घेऊ का आम्ही?”

त्या फोटोसाठी त्यांनी स्वतः बॅनर रंगवला होता. जर्सीवरचं चित्रही त्यांचंच, कितीदा खोडून काढलेलं. त्यांनी पुढे चाललेल्या वहिनींकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, “काढा. बॅनर सरळ धरा.”

आम्ही पोचलो तेव्हा बाकीच्यांची गरम कुंडातली आंघोळ झाली होती, जेवणं झाली होती आणि सायकली परतीच्या टेम्पोत चढत होत्या. वहिनी देवळाच्या पहिल्या पायरीवर टेकल्या. घाम पुसला आणि घरी फोन लावला. “पोचलंय मी,” त्या म्हणाल्या. “जेवाण गरम करून घेवा.”

हे चष्मा पुसत दुसरीकडे बघत राहिले. चष्मा काही इतका मळलेला नव्हता.

तो फोटो सोसायटीच्या ऑफिसात लागला. त्यात आम्हा तिघांपैकी कोणी नाही. गेल्या वर्षी ते रिटायर झाले, फ्लॅट विकला आणि मुलीकडे कोल्हापूरला गेले. निरोपाच्या भाषणांत त्यांच्या शिस्तीचं कौतुक झालं. ज्यांनी ती कधी पाळली नव्हती, ते जास्त वेळ बोलले.

मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा निघालो. आता पुढारी पराग. सिग्नल लाल व्हायच्या आत तो आणि त्याचे लोक निघून गेले. मी आणि वहिनी अडकलो. दिवा हिरवा झाला तरी आम्ही निघालो नाही. दोघंही मान वळवून मागे बघत होतो. मागून एक बस आली आणि तिने हॉर्न दिला, तेव्हा आम्ही बाजूला झालो.