शेजारच्या वर्गातल्या बाई

आमच्या मुलुंडच्या शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर ज्या बाई आहेत, त्यांना जगातली एकही भाषा धड येत नाही, आणि तरीही ज्याच्याशी त्यांना बोलता आलं नाही असं मूल मी अजून पाहिलेलं नाही. बाई मूळच्या मालवणकडच्या. प्रमाण मराठी त्या फक्त कामापुरतं बोलतात, तेही अंगात कणकण असल्यासारखं. त्यांची हिंदी ऐकली की उत्तरेकडचा माणूस आधी हसतो आणि मग दयेपोटी स्वतःच मराठीत बोलू लागतो. कन्नड, तेलुगू, बंगाली, भोजपुरी अशा भाषांमधलं त्यांना एकच वाक्य येतं : ‘पोट दुखतंय का?’ हे वाक्य त्यांनी कपाटाच्या दाराला आतून, देवनागरीत, आठ भाषांत खडूने लिहून ठेवलंय. मी एकदा विचारलं, आठच का, आणि पोटच का? तर म्हणाल्या, “गणित खंय पळान जाता? पोराच्या पोटात दुखता, ता तरी माका कळाक नको?”

शाळेच्या आसपास सतत टॉवर उठत असतात. त्यांच्यावर काम करणाऱ्यांची मुलं पाया खणताना आमच्याकडे येतात आणि बाहेरून रंग लागला की जातात. जूनमध्ये बाकावर असलेला चेहरा मार्चमध्ये असेलच याची खात्री नाही. म्हणून मी सरळ ठरवून टाकलं होतं, दिवाळीपर्यंत कुणाचं नाव पाठ करायचं नाही. बाईंचं उलट. नवीन मूल आलं की त्या मधली सुट्टी संपेपर्यंत चहाचा कप हातात धरून व्हरांड्यात त्याच्या नावाचा रियाज करत. कुणी त्यांना अक्का म्हणे, कुणी दीदी, एक मुलगा तर फक्त ‘ओ’ म्हणे. सगळ्यांना ओ देत. माझ्या वर्गात मात्र चाळीस वेळा ‘सर म्हणायचं’ हेच शिकवणं चालू असायचं.

दोन वर्षांपूर्वी रायचूरकडची एक मुलगी त्यांच्या तिसरीत आली. नाव हुलिगेम्मा. कार्यालयात ते नाव कुणाला लिहिता येईना, म्हणून रजिस्टरमध्ये चढलं ‘उल्का’. बाई तडक कारकुनासमोर उभ्या. “अहो, उल्का आकाशातून पडते. ही आईबापाबरोबर एसटीने आलीय. नाव दुरुस्त करा.” तो म्हणाला, “बाई, चार महिन्यांत जाणार ती. कशाला उगाच?” बाई म्हणाल्या, “तर मग चार महिने तरी बरोबर नावानं हाक मारूया ना.” नाव दुरुस्त होईपर्यंत त्या टेबलापासून हलल्या नाहीत.

मधेच बाई आठवडाभर प्रशिक्षणाला गेल्या आणि त्यांचा वर्ग माझ्याकडे आला. मी हुलिगेम्माला हातच्याची वजाबाकी शिकवली. “समजलं?” तिने मान डावी-उजवीकडे डोलावली. मी पुन्हा शिकवलं. पुन्हा तशीच मान. असं सात वेळा झालं. सातव्या वेळी माझा आवाज चढला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई परतल्यावर मी म्हटलं, मुलगी जरा मठ्ठ आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. “सर, ती हो म्हणतेय! तिच्याकडे ‘हो’ची मान अशीच हलते. पहिल्याच वेळी समजलं होतं तिला. पुढच्या सहा वेळा तिने तुम्हाला सांभाळून घेतलं.” मी वर्गात जाऊन तिची माफी मागितली. तिने तीच मान हलवली. या वेळी मला कळलं.

फेब्रुवारीत एका सकाळी वर्गातलं कुणीतरी ओरडत आलं, “टीचर, हुलिगेम्माचा टेम्पो भरतायत!” बाई खडू टाकून निघाल्या. मागोमाग मी. साइटवर भांडी, गाद्या, माणसं सगळं चढलेलं होतं आणि मुकादम घाई करत होता. बाई टेम्पोच्या पुढे गेल्या, तिथल्या विटांच्या ढिगावर बसल्या आणि वही काढून लिहू लागल्या. मुकादम म्हणाला, “मॅडम, हटो ना, टाइम हो रहा है.” बाई मान वर न करता म्हणाल्या, “थांब मरे, दोन वळी रवल्यात!” दोन ओळी राहिल्यात, हे त्याला कळलं नसेल, पण इंजिन बंद झालं. कागदावर लिहिलं होतं : ‘पुढच्या बाईंना किंवा सरांना. हिचं नाव हुलिगेम्मा, पूर्ण घ्यावं. आडवी मान म्हणजे हो. डाव्या कानाने कमी ऐकते, पुढे बसवा. विचारल्यावर थोडं थांबा, बोलते. हातचा कधीकधी विसरते.’ खाली तेच सगळं त्यांच्या त्या हिंदीत. आणि त्याखाली फोन नंबर माझा, कारण स्वतःचा फोन त्या कधीच उचलत नाहीत.

परतताना बाईंना विचारलं, तेव्हा मला कळलं, की गेलेल्या प्रत्येक मुलाबरोबर असा कागद गेलेला आहे. किती वर्षं, ते त्यांनाही आठवत नव्हतं. उत्तर कधीच आलं नव्हतं.

मागच्या महिन्यात माझ्या फोनवर सुरतेहून एक फोटो आला. बाईंचाच कागद, घडीवर फाटलेला. त्यांच्या अक्षराखाली पुण्याच्या कुणा शिक्षकाने लिहिलं होतं, ‘हातचा आता विसरत नाही.’ त्याखाली तेलुगूत एक ओळ. ती आम्ही एका मुलाच्या वडिलांकडून वाचून घेतली : ‘छान गाते, पण आपणहून गात नाही, सांगावं लागतं.’ फोटोसोबत सुरतेच्या शिक्षिकेचा हिंदीत निरोप होता. ‘सुट्टीनंतर हुलिगेम्मा आलीच नाही, कागद माझ्याकडेच राहिला, ती तुमच्याकडे परत आलीय का?’

बाईंनी फोन माझ्या हातात परत दिला. मग मला म्हणाल्या, “लिहा. अजून नाही आली.” मी लिहिलं. पाठवणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

“‘अजून’ लिहिलंत ना?”

मी हो म्हटलं.